प्रकाश लहरी ठरला

कर्जतच्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवायला माणूस नव्हता. आधीचे मास्तर दुसरे महायुद्ध संपता संपता मुंबईच्या एका कारखान्यात गेले आणि त्यांची खुर्ची रिकामी राहिली. मॅट्रिकच्या वर्गाला शास्त्राचे धडे ड्रॉइंगचे मास्तर लिहून देत. ते प्रामाणिक गृहस्थ होते. हा विषय आपल्याला येत नाही असे ते वर्गातच सांगत आणि पुढचे वाक्य लिहून द्यायला लागत. "प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो. खाली रेघ मारा." मुले रेघ मारत.

त्या जागेसाठी एकच अर्ज आला. तो माझ्या आतेबहिणीचा होता.

घरात तिला सगळे आक्का म्हणत. मुंबईच्या कॉलेजातून ती पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली होती. वडील ती लहान असतानाच गेले. आई, म्हणजे माझी आत्या, खालापूरच्या बाजूच्या एका गावात, कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर, थोडी भातशेती सांभाळून राहत होती. आत्याचे गुडघे दुखत. विहिरीवरून पाणी आणणे तिला आता जमत नव्हते आणि ते ती कबूल करत नव्हती. आक्काला वऱ्हाडातल्या एका मुलींच्या शाळेने बोलावले होते. कर्जतची जागा मिळाली तर ती सकाळी गाडीने जाऊन संध्याकाळी आईजवळ परत येणार होती. नाही मिळाली तर वऱ्हाडात जाणे भाग होते. आत्या गाव सोडायला तयार नव्हती.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा कर्जत-खालापूरचा बातमीदार होतो आणि कर्जतला आईवडिलांकडे राहत होतो. नात्यातल्या माणसाविषयी लिहू नये असे आम्हाला शिकवले होते, आणि तो नियम योग्यच आहे. इथे मी तो मोडतो आहे. जे माझ्यासमोर घडले आणि ज्यांनी जे केले त्यांच्याच तोंडून जे ऐकले, तेवढेच लिहितो. त्या वेळी आलेला राग अजून गेलेला नाही. तो गेल्याचा आवही आणत नाही.

शाळेच्या समितीने कळवले की नेमणुकीपूर्वी एक नमुना पाठ घ्यावा लागेल. विषय हेडमास्तरांनी निवडला: प्रकाश. ड्रॉइंगच्या मास्तरांनी लिहून दिलेली सर्वांत कमी पाने त्या प्रकरणाची होती.

शाळेला प्रयोगशाळा नव्हती. आक्काने प्रयोग घरी तयार केला. खिडकीच्या काचेचा एक तुकडा तिने रॉकेलच्या चिमणीवर धरून काजळीने पूर्ण काळा केला. दाढीची दोन पाती एकमेकांवर ठेवून, एकच असल्यासारखी चिमटीत धरून, त्या काजळीवरून एकदाच ओढली. काजळीत दोन उभ्या रेघा निघाल्या, इतक्या जवळ की मला त्या एकच वाटल्या. पत्र्याच्या डब्याला तिने एक उभी चीर पाडली आणि डबा कंदिलावर पालथा घातला. चिरेपुढे लाल काच लावली. ती काच कर्जतला आमच्या शेजारी राहणाऱ्या गार्डकाकांनी दिली होती. त्यांच्या हातबत्तीची काच तडकली म्हणून बदलली तेव्हा जुनी त्यांनी टाकली नव्हती. ते मूळचे किनाऱ्याकडचे मुसलमान, रेल्वेत येऊन कर्जतला स्थायिक झालेले. काच देताना एवढेच म्हणाले, "लाल आहे हे लक्षात ठेव. रुळाकडं तोंड करून धरू नकोस, गाडी थांबंल."

मग आक्काने मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे केले आणि काजळीची काच डोळ्याजवळ धरायला सांगितली.

डब्याच्या चिरेच्या जागी मला एक लाल पट्टा दिसायला हवा होता. दिसले अनेक, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक दोहोंच्या मधे काळा पट्टा.

"आता दोनपैकी एक रेघ झाकते," ती म्हणाली आणि कागदाची कड काचेवर सरकवली.

पट्टे गेले. सगळीकडे फिकट लाल पसरले. जिथे आत्ता काळे होते तिथेही उजेड आला.

"उजेड निम्मा केला," ती म्हणाली, "आणि काळोख होता तिथं उजेड झाला. म्हणजे आधी तिथं काळोख कोणी केला?"

"कोणी?"

"दुसऱ्या उजेडानं. दोन उजेड एकत्र आले आणि तिथं एकमेकांना खोडून बसले."

माझ्या धंद्यात एका बातमीने दुसरी बातमी खोडली जाते हे मला ठाऊक होते. उजेडाचे तसे होते हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही त्याच शाळेत, आधीच्या मास्तरांच्या हाताखाली, अशीच रेघ मारून बाहेर पडलो होतो.

आत्यानेही पाहिले. बराच वेळ काच डोळ्याला लावून ठेवली.

"लुगड्याच्या काठावानी दिसतंय गं," ती म्हणाली. "मधी काळं कशापायी?"

या "कशापायी"चे उत्तर द्यायला आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नदीवर घेऊन गेली. मीही गेलो. पाताळगंगेला त्या भागात उन्हाळ्यातही पाणी असते, कारण खोपोलीचे वीजघर चाके फिरवून झालेले पाणी नदीत सोडते. ज्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागत ते आमच्याकडे धुण्याला येई. वीज मात्र तारांवरून आमच्या शेतांच्या वरून निघून जाई. खांब आमच्या बांधात होते आणि घरात चिमणी होती, आणि चिमणीला रॉकेल रेशनवर. याचे कोणाला नवल वाटत नसे. मलाही त्या काळात वाटले नाही, हे आश्चर्य.

धुण्याच्या दगडांवर दोन शेजारणी बसल्या होत्या.

"काकी, दोघी एका ठेक्यात आपटा," आक्का म्हणाली. "पुढंमागं नको."

"का गं? लगीन हाय का कुनाचं?"

"आपटा तर खरं."

"बघ बाई, मुंबईला शिकून आली आनि आमाला धुनं शिकवती!"

दोघींनी हसत ठेका धरला. दोन्ही दगडांपासून गोल वलये निघाली आणि मधे एकमेकांत शिरली. आक्काने पळसाची पाने पाण्यावर सोडली. काही पाने जोरात वरखाली होऊ लागली. एक पान मात्र त्यांच्यातच असूनही जवळजवळ स्वस्थ राहिले.

"त्याला काय झालं?" आत्याने विचारले.

"इकडनं आलेली लहर त्याला वर उचलते, तेव्हाच तिकडनं आलेली खाली ओढते. ते कुठं जाणार? तेच तुझं काळं."

शब्दाचा प्रश्न तिथेच निघाला. मी आक्काला म्हणालो, "तरंग म्हण. भारदस्त वाटतं."

"तवंग?" एका शेजारणीने विचारले. "आमटीवं येतो त्यो?"

"लाट म्हणावं का मग?" आक्का म्हणाली.

"लाट म्हंजे लाटसायब," दुसरी म्हणाली. "आमचे धनी सांगतात, मुंबईला ऱ्हातो. त्यो उजेडात काय करतो?"

"आणि लहर?"

दोघींनी पाण्याकडे बोट दाखवले. "ही काय. लहरच ना ही."

म्हणून आक्काने लहर हा शब्द घेतला. पाठ्यपुस्तकातही तोच होता, शेवटच्या प्रकरणात, बारीक टायपात. पुस्तकाने तो का घेतला मला माहीत नाही. आक्काने तो नदीवर विचारून घेतला होता. पुढे जे झाले त्यात हे कोणी लक्षात घेतले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

नमुना पाठ शाळेच्या मोठ्या वर्गात झाला. विमानहल्ल्याच्या भीतीने युद्धात खिडक्यांना लावलेला काळा कागद शाळेत शिल्लक होता. तो पुन्हा लावून भरदुपारी अंधार केला. मॅट्रिकची मुले बाकांवर, त्यांत दोन मुली. बाजूच्या खुर्च्यांवर समिती: अध्यक्ष, जे वकील होते, चिटणीस, जे लिहिण्याचे सगळे काम करत, आणि तांदळाच्या गिरणीचे मालक, ज्यांच्या देणगीतून त्या वर्गाचे छप्पर झाले होते. हेडमास्तर दाराशी उभे राहिले. त्यांना मत नव्हते. मी मागच्या बाकावर बसलो.

आक्काने तीच काच, तोच डबा, तोच कंदील मांडला. मुलांनी रांगेने येऊन पाहिले.

"बाई, रेघा हायत!" पहिला मुलगा ओरडला.

"किती जाड?"

"लाल हाय तेवढंच काळं हाय."

तिने लाल काच काढून हिरवी लावली. तीही गार्डकाकांचीच. पट्टे बारीक झाले, जवळ जवळ आले. लाल लहर लांब, हिरवी आखूड, म्हणून, असे तिने सांगितले. एका मुलीने विचारले, मग निळी? आक्का म्हणाली, "तू सांग." मुलगी म्हणाली, "आनखी बारीक." तेव्हा त्या वर्गात कोणी तरी काही तरी लिहून न घेता शिकले. मी ते पाहिले आहे.

मग गिरणीवाले स्वतः उठले. त्यांनी काच डोळ्याला लावली आणि बाजूला घेतली तेव्हा भुवईवर काजळी लागली होती. मुले हसली. तेही हसले.

"दिसतात खऱ्या," ते म्हणाले. "नाय कसं म्हनू?"

अध्यक्ष उठले नाहीत. "मला चष्मा आहे," ते म्हणाले. चष्म्याने पट्टे दिसायला काहीच अडचण नव्हती. आक्काने तसे सांगितले. त्यांनी हाताने 'चालू द्या' अशी खूण केली.

पाठ इथे संपवता आला असता. हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिलेही. पण आक्काने पुढचे सांगितले, कारण तिच्या मते त्याशिवाय सांगितलेले अर्धे राहिले असते. प्रकाश लहरींसारखा पसरतो हे तुम्ही पाहिले, ती म्हणाली. पण तो कुठे तरी पोचतो, फोटोच्या काचेवर किंवा डोळ्यात, तेव्हा पसरून पोचत नाही. एका ठिकाणी, एका वेळी, एक अख्खा कण पोचतो. अर्धा कण कोणाला मिळालेला नाही. उजेड इतका मंद केला की एका वेळी एकच कण वाटेवर असेल, तर फोटोच्या काचेवर टिंब टिंब उमटते. पुष्कळ वेळ थांबले की त्या टिंबांचे पट्टे झालेले दिसतात. हेच पट्टे.

गिरणीवाले खुर्चीत पुढे सरकले.

"कन म्हंजे कनी का हो बाई?" गिरणीवाल्यांनी विचारले. "आमच्याकडं कनी सुपात पडली तर एका जागी पडती. पेज वतली तर पसरती. तुमचा उजेड कनी का पेज?"

"पडतो कणीसारखा," आक्का म्हणाली, "पण कुठं पडायचं ते पेजेसारखं ठरतं."

"मंग शिजवला कुनी?"

सगळे हसले. आक्काही हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

"एकच कण निघाला म्हणता," ते म्हणाले. "आणि फटी दोन. तो कोणत्या फटीतून गेला?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"कोणालाच माहीत नाही. कोणत्या फटीतून गेला हे पाहायची सोय केली, तर पट्टे उमटत नाहीत."

"एक माणूस या खोलीत दोन दारांनी आला असं मी कोर्टात म्हटलं, तर न्यायाधीश काय म्हणतील?"

"माणूस येत नाही तसा. प्रकाशाचं आपण पाहिलं तेवढंच आपण सांगतो."

"प्रयोग दाखवा. एकेका कणाचा."

"इथं नाही दाखवता येणार. त्याला फोटोची काच लागते, पूर्ण काळोख लागतो आणि पुष्कळ दिवस लागतात."

"दाखवता येत नाही," अध्यक्ष चिटणिसांना म्हणाले. चिटणिसांनी लिहिले. मग अध्यक्षांनी आक्काला शेवटचा प्रश्न विचारला. "थोडक्यात, बाई, मुलांनी काय समजायचं? प्रकाश कसा असतो?"

आक्का म्हणाली, "वाटेत प्रकाश म्हणजे लहरी. पोचताना कण."

चिटणिसांनी तेही लिहिले, पण तसे लिहिले नाही.

ठरावात आले ते असे: उमेदवार बाई विद्वान आहेत, परंतु प्रकाश लहरी असतो, त्याचा मार्ग निश्चित सांगता येत नाही, अशी त्यांची शिकवण आहे, परीक्षेच्या दृष्टीने अशी शिकवण मुलांना हितावह नाही, सबब जागा तूर्त रिकामी ठेवावी. तिघांचे एकमत.

मी तो ठराव वाचला आणि चिटणिसांच्या घरी गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

"ती लहरी असतो म्हणाली नाही," मी म्हणालो. "म्हणजे लहरी, असं म्हणाली. लहरी म्हणजे पाण्यावरच्या लहरी. अनेकवचन."

"ऐकायला तेच."

"तुम्ही समोर बसला होता. लाल लहर लांब, हिरवी आखूड, हे ऐकलंत. लहरी माणूस लांब-आखूड असतो का?"

"हे बघा, तुम्ही नात्यातले. तुम्हाला वाटणारच."

"व्याकरणाला नातं नसतं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बरं, असेल तुमचं व्याकरण. पण गावाला काय कळणार? गाव म्हणेल, शाळेत लहरी उजेड शिकवतात."

"गावाला कळावं म्हणूनच मास्तर नेमतात ना?"

"मास्तर नेमतात ती पोरं पास व्हावीत म्हणून," ते म्हणाले आणि मला सुपारी पुढे केली. मी घेतली नाही. एवढाच निषेध त्या दिवशी माझ्याकडून झाला.

गिरणीवाल्यांनाही विचारले. त्यांनी पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि सर्वांसमोर तसे म्हटले होते. ते धान्याच्या पोत्यावर बसून होते.

"दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं की. अजून डोळ्यापुढं हाय."

"मग मत विरुद्ध का दिलंत?"

"वकीलसायब म्हनले." त्यांनी जरा थांबून माझ्याकडे पाहिले. "आनि बाई एकली रोज खोपोलीच्या गाडीनं येनार-जानार. लोक काय बोलतील? त्यापरीस ह्यो शब्द बरा. तिला बोल लागला नाय."

बोल लागला नाही! माझ्या पेशात मी अनेक खोटी कारणे ऐकली आहेत. खोटे कारण देणे हा उपकार आहे असे मानून दिलेले हे पहिलेच. तिच्या वागण्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होईल या विचाराने त्यांनी आधीच तिच्या विद्येला दोष लावला, आणि तो सौम्य आहे असे ठरवून टाकले. जे कारण खरे होते ते लिहायला त्यांना लाज वाटली. जे लिहिले त्याची वाटली नाही.

ठराव बाजारात पोचायला वेळ लागला नाही. चहाच्या हॉटेलात कंदील फडफडला की कोणी तरी म्हणे, "आज उजेडाची लहर नाय रं!" रॉकेल संपले की रेशनच्या दुकानदाराला लोक विचारत, "कधी लहर लागंल तुमच्या उजेडाला?" विनोद म्हणून तो वाईट नव्हता. पण आठवडाभरात तो उजेडावरून सरकून तिच्यावर आला. लहरी बाई. बाजारासाठी कर्जतला येऊन खोपोलीच्या गाडीतून ती उतरली की पाठीमागून तो शब्द येई. दोन दगडांवर बसून तो शब्द ज्यांनी तिला दिला होता, त्या बायकांना तो बदलून परत मिळाला, आणि त्या आत्याला विचारू लागल्या, "पोरगी अशी काय बोलली गं शाळंत?"

मी बातमी पाठवली. चार ओळी होत्या. एकुलत्या उमेदवाराला नाकारून शास्त्राची जागा रिकामी ठेवली. कारण म्हणून दिलेले वाक्य उमेदवाराने उच्चारलेले नव्हते. पाठ्यपुस्तकात तोच शब्द आहे. नाते मी कार्यालयाला वेगळे कळवले. छापून आली तेव्हा तिने ते उच्चारले नव्हते हे वाक्य जागेअभावी गळले होते आणि वर मथळा होता: "प्रकाश लहरी, समिती ठाम". मथळा बातमीदार देत नाही. मुंबईच्या टेबलावर कोणाला तरी तो सुचला आणि त्याच्या शेजारचा हसला असेल. पुढे मी त्याच टेबलावर अनेक वर्षे काम केले. गमतीदार मथळा सुचला की कसे वाटते ते मला माहीत आहे. तरीही त्या मथळ्याला मी माफी दिलेली नाही. समितीने एका गावात केले ते आम्ही छापून सर्वत्र केले.

मी कार्यालयात गेलो. उपसंपादक म्हणाले, "अरे, किती वाचली गेली ती बातमी! रोज असं काही पाठव." खुलासा छापू म्हणाले. छापला नाही.

शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याकडे हेडमास्तरांनी आपणहून शब्द टाकून पाहिला. नेमणूक हा समितीचा अधिकार, असे उत्तर आले. हेडमास्तर भले होते. पण त्यांना मत नव्हते, आणि मत नसण्याची त्यांना सवय झाली होती.

वऱ्हाडची शाळा उत्तराची वाट पाहत होती. आक्का ते लांबवत राहिली. "दुसरा अर्जच नाही आला कर्जतला," ती म्हणे. "बोलावतील." मला ते भाबडे वाटले. पण शाळा सुरू व्हायच्या सुमाराला चिटणिसांचा निरोप खरोखरच आला. मी तिच्याबरोबर गेलो. गिरणीवाले नव्हते. अध्यक्ष आणि चिटणीस होते.

"आम्हाला माणूस हवा आहे आणि तुम्हाला जागा," अध्यक्ष म्हणाले. "रसायन शिकवा, उष्णता शिकवा, मुलींना आरोग्य शिकवा. प्रकाशाचं प्रकरण ड्रॉइंगचे मास्तर पूर्वीसारखं लिहून देतील. एवढं मान्य असेल तर उद्यापासून या."

जागा समोर होती. आईजवळ राहणे समोर होते. एका प्रकरणाचा प्रश्न होता, पुस्तकातल्या सर्वांत लहान प्रकरणांपैकी एका. मी आक्काकडे पाहिले. ती हो म्हणेल असे मला वाटले, आणि म्हणावे असेही वाटले.

तिने पिशवीतून पाठ्यपुस्तक काढले, शेवटचे प्रकरण उघडले आणि टेबलावर त्यांच्याकडे फिरवून ठेवले. "प्रकाशाचे लहरी स्वरूप," तिने वाचले. "सरकारमान्य पुस्तक आहे. यातलंच मी सांगितलं. हे शिकवू नको म्हणून तुम्ही मला लिहून द्याल?"

चिटणिसांनी वाचले. अध्यक्षांनीही या वेळी चष्मा नीट करून वाचले.

मग चिटणीस म्हणाले, "पुस्तकात आहे ते ठीक आहे हो, बाई. तुमच्या तोंडून नको."

हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा आठवले आहे. त्यात चूक नाही, गैरसमज नाही, व्याकरणाचा घोटाळा नाही. लहरी म्हणजे काय हे त्यांना त्या क्षणी कळले होते. कळल्यावर त्यांनी ते वाक्य म्हटले. समजावून सांगितले तर माणसे बदलतात या विश्वासावर आमचा धंदा चालतो आणि शाळाही चालते. त्या खोलीत समजावून सांगण्याचे काम पूर्ण झाले होते.

आक्काने पुस्तक मिटले. "मग ड्रॉइंगच्या मास्तरांना एक सांगा," ती म्हणाली. "सरळ रेषेत जातो, हे चूक नाही. फक्त ते फट बारीक नसेल तोवरच खरं आहे." आणि ती बाहेर आली. तिचा आवाज चढला नव्हता.

घरी आत्या दारात बसली होती. आमच्या चेहऱ्यांवरून तिने ओळखले असावे. आक्काने तिला सगळे सांगितले, शेवटच्या वाक्यासकट.

"परत बोल," आत्या म्हणाली. "कसं म्हनाला?"

"तुमच्या तोंडून नको."

आत्या उठली, गुडघ्यावर हात टेकून, कोणाचा आधार न घेता. "वऱ्हाडात घर किती खोल्यांचं देतात गं?"

"दोन. का?"

"मंग मला जागा हाय."

"आई, तू गाव सोडणार नव्हतीस."

"नव्हते सोडनार. आता ऱ्हाऊन काय करू? येता-जाता त्या मेल्यांची तोंडं बघू?" ती माझ्याकडे वळली. "आनि तू काय बघत उभा हाईस रं? शेत कसायला कोन मिळतो का बघ जा."

त्या दोघी पावसाच्या तोंडावर गेल्या. शेत अर्धेलीने दिले, घराला कुलूप लावले. आत्याने सगळा जन्म भातावर काढला होता. वऱ्हाडात ज्वारीची भाकरी, आणि तांदूळ रेशनवर, तोही आजारी माणसाला द्यावा तेवढा. पहिल्या वर्षी मी तिकडे गेलो तेव्हा ती फार वाळलेली दिसली. येताना तांदूळ आणीन असे मी पत्रात लिहिले होते, आणि रिकाम्या हाताने गेलो होतो. सकाळच्या पेजेला तांदूळ नाहीत एवढीच तिने तक्रार केली, आणि ती तक्रार करताना आक्का घरात नाही याची खात्री करून घेतली. आक्काच्या शाळेत तिला एक खोली प्रयोगांसाठी दिली होती. तिच्याविषयी तिथे कोणी विनोद करत नव्हते. तो शब्द तिथेही तोच होता.

"कर्जतला मास्तर आला का रं?" आत्याने विचारले.

"नाही अजून."

"मंग उजेडाचं कोन शिकवतं?"

"ड्रॉइंगचे मास्तर. लिहून देतात."

"आनि पोरं?"

"लिहून घेतात."

आत्याने परातीतले पीठ पुढे ओढले. तिला ज्वारीची भाकरी थापायची सवय नव्हती. भाकरी फाटत होती. फाटलेली कड तिने बोटाने दाबून बसवली आणि म्हणाली, "तांदूळ आननार हुतास ना? का त्योबी तुला कुनी आनू दिला नाय?"